ओव्हनमध्ये म्हातारं झालेलं झाकण: पॉलीकार्बोनेटच्या एका भागाचा प्रकरण अभ्यास

यंत्राचं नाव, उत्पादक आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मोजमापं ढोबळ करून दिली आहेत.

पार्श्वभूमी

यंत्र मोजमापाचं. आत उष्णतेचा स्रोत, वर पारदर्शक झाकण. आतलं काम चालू असताना दिसत राहावं म्हणून पारदर्शक, आणि देखभालीच्या वेळी हाताने काढता-घालता यावं म्हणून चार कोपऱ्यांना दाबून बसणाऱ्या क्लिपा. यंत्र सलग चालू असलं की झाकणाची आतली बाजू ८८ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापायची. काच जड, शिवाय फुटली की धारदार तुकडे. ॲक्रिलिक या तापमानाला फारच काठावर येतं, कारण त्याचं काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर घट्ट प्लास्टिक मऊ पडतं ते (कारखान्यात सगळे त्याला टीजी म्हणतात), १०५ अंशांच्या आसपास आहे. पॉलीकार्बोनेटचं टीजी १५० अंशांच्या जवळ, आणि चिवटपणाची ख्याती तर अशी की हातोडा मारला तरी वाकेल पण तुटणार नाही. ही निवड मला आजही चुकीची वाटत नाही.

मी या प्रकरणात बाहेरचा. मला बोलावलं तेव्हा एक अडचण सुटलेली होती आणि दुसरी उभी राहिली होती. पहिलीच्या इलाजातूनच दुसरी जन्मली, हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

पहिली अडचण आणि तिचा इलाज

सुरुवातीच्या झाकणांवर क्लिपेच्या मुळाशी केसासारख्या बारीक चकाकत्या रेघा दिसू लागल्या होत्या. देखभाल करणारे ज्या द्रावणाने झाकण पुसत, ते लागलं की रेघा वाढत. पॉलीकार्बोनेटची ही ओळखीची खोड आहे: मोल्डिंगच्या वेळी आत अडकलेला ताण, त्यात क्लिप दाबून बसवल्याचा ताण, आणि वरून अंगात शिरणारं द्रावण. तिन्ही एकत्र आले की रेघा उमटतात आणि पुढे त्यांचे तडे होतात.

उत्पादन विभागाने दोन बदल केले. साच्याचं तापमान ८० वरून ११० अंशांवर नेलं आणि मोल्डिंगनंतर सगळा माल १२५ अंशांच्या ओव्हनमध्ये ८ तास ठेवायला सुरुवात केली. याला ॲनीलिंग म्हणतात आणि अंतर्गत ताण घालवायचा हा सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे. रेघा थांबल्या. प्रयोगशाळेने ताणून पाहण्याची चाचणी केली तेव्हा यील्डचा ताण, म्हणजे ज्या ताणाला पदार्थ परत न येणारा आकार घेऊ लागतो तो, ६२ वरून ६८ मेगापास्कलवर गेलेला दिसला. अहवालाच्या कागदावर कुणीतरी हिरव्या शाईने ‘सुधारणा’ असं लिहून ठेवलं होतं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

दुसरी अडचण

ॲनीलिंग केलेला माल बाजारात गेल्यावर साधारण पाच महिन्यांनी नव्या तक्रारी आल्या. झाकण काढायला क्लिप दाबली की ती टचकन तुटते. हातून सुटून झाकण जमिनीवर पडलं तर काचेसारखे तुकडे होतात. परत आलेल्या तुकड्यांच्या तुटलेल्या कडा गुळगुळीत आणि चकचकीत होत्या. चिवट पॉलीकार्बोनेट तुटताना आधी ताणलं जातं, बारीक होतं, कडा ओढल्यासारख्या दिसतात. इथे त्याचा मागमूस नव्हता.

आणि कारखान्यातल्या चाचण्या? सगळ्या पास. झाकण उंचावरून पाडून पाहायची चाचणी प्रत्येक लॉटवर होत होती. ती करणाऱ्या मुलाला मी विचारलं, “नमुने कुठून घेता?” तो म्हणाला, “मशीनवरून, सर. थंड झाले की लगेच.” ओव्हनच्या आधी? “ओव्हनला आठ तास जातात ना, तोवर अहवाल अडवून कसा ठेवणार?”

त्याची चूक नव्हती. ॲनीलिंग सुरू झालं तेव्हा चाचणीचा कागद कुणी बदलला नव्हता, एवढंच. महिनोन् महिने ज्या वस्तूची परीक्षा होत होती ती आणि जी बाहेर जात होती ती, या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

नेहमीचे संशयित

पहिला संशय दाण्यावर, म्हणजे प्लास्टिकच्या कच्च्या मालावर. तो नेहमी दाण्यावरच असतो. दुसरा ओलाव्यावर: पॉलीकार्बोनेटचा दाणा नीट वाळवला नाही (ओलावा ०.०२ टक्क्यांच्या खाली न्यावा लागतो) तर वितळताना पाण्यामुळे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. तिसरा, वापरात असताना गरम दमट हवेने तीच तोडफोड केली असावी, असा. चौथा पुन्हा पुसायच्या द्रावणावर.

पहिले तीन एकाच चाचणीने बाजूला पडले. साखळ्या तुटल्या असतील तर वितळलेलं प्लास्टिक पातळ होतं आणि ठरावीक वजनाखाली जास्त वाहतं. परत आलेल्या झाकणांचा ३०० अंशांचा प्रवाह-निर्देशांक ताज्या दाण्याच्या निर्देशांकाशी जुळला. फरक मोजमापाच्या चुकीत बसेल इतकाच. साखळ्या शाबूत होत्या. द्रावणाचा संशयही टिकला नाही, कारण तुटलेल्या कडांच्या आसपास रेघांचं जाळं नव्हतं, आणि कधीच न पुसलेली दोन झाकणंही तशीच तुटली होती.

म्हणजे रसायन तेच, साखळ्यांची लांबी तीच, आकार तोच, आणि तरी वागणूक पूर्ण वेगळी. मग उरतं काय?

वय

वितळलेलं पॉलिमर थंड होताना त्याच्या साखळ्या सारख्या जागा बदलत, एकमेकींत नीट बसत जातात. तापमान टीजीच्या खाली उतरलं की ही हालचाल इतकी मंद होते की साखळ्या जिथे असतील तिथे अडकतात. पदार्थ घट्ट दिसतो, पण नीट बसलेला नसतो; आत थोडी फाजील जागा आणि फाजील ऊर्जा राहून जाते. अशा अडकलेल्या पदार्थाला, तो प्लास्टिक असला तरी, अभ्यासक काच म्हणतात. हालचाल मंद झालेली असते, थांबलेली नसते. म्हणून तास, महिने, वर्षं तो आपल्या समतोलाकडे सरकत राहतो. या सरकण्याला भौतिक वार्धक्य म्हणतात. गंज चढणं, ऊन लागून पिवळं पडणं, साखळ्या तुटणं, हा झाला ऱ्हास. इथे नवा बंध होत नाही, जुना तुटत नाही. घनतेतला फरक तर हजारात एखाद्या भागाचा.

डच संशोधक स्ट्राउक यांनी १९७० च्या दशकात अनेक काचसदृश पॉलिमरांवर दाखवून दिलं की हे सरकणं लॉगरिदमच्या मापाने चालतं. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जितका बदल, तितकाच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणून नवा माल भराभर बदलतो आणि जुना सावकाश. टीजीच्या जितकं जवळ, तितका हा प्रवास वेगाने होतो.

ॲनीलिंगकडे या नजरेने पाहिलं की चित्र उलटं होतं. १२५ अंश म्हणजे टीजीच्या जेमतेम २५ अंश खाली. तिथे आठ तास ठेवणं म्हणजे ताण घालवणं आणि त्याच वेळी पदार्थाला झपाट्याने म्हातारं करणं. साखळ्यांच्या ज्या हालचालीने अडकलेला ताण सुटतो, त्याच हालचालीने वयही वाढतं. एक हवं आणि दुसरं नको, असं म्हणायची सोय नाही. किती घ्यायचं एवढंच आपल्या हातात.

साच्याचं वाढवलेलं तापमानही त्याच दिशेने गेलं होतं. गरम साच्यात माल हळू थंड होतो, टीजीच्या खालच्या पट्ट्यात जास्त वेळ राहतो आणि जन्मतःच थोडा म्हातारा बाहेर पडतो.

बळकट माल ठिसूळ का होतो

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर गेला. यील्ड वाढलं, म्हणजे बळ वाढलं. मग तुटतं कसं?

पॉलीकार्बोनेटची पट्टी सावकाश ताणली की ताण आधी चढतो, एका शिखरावर पोचतो (तेच यील्ड), मग थोडा घसरतो, काही अंतर सपाट चालतो आणि शेवटी पुन्हा चढू लागतो. शेवटची चढण म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांचं जाळं ताणलं जाणं. शिखरानंतरची घसरण म्हणजे यील्डनंतरची नरमाई. प्रकरणाचा गाभा या घसरणीत आहे. शिखराची उंची पदार्थाच्या वयावर अवलंबून असते. घसरणीच्या तळाची उंची वयावर अवलंबून नसते.

कारण जबरदस्तीने दिलेलं विरूपण वय पुसून टाकतं. वाळू डब्यात ओतली की सैल पडते, डबा हलवत राहिलं की हळूहळू दाटून बसते. तीच दाटलेली वाळू ढवळली तर पुन्हा सैल होते. काचसदृश पॉलिमरात ताणाने असंच ढवळलं जातं. २००९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मार्क एडिगर यांच्या गटाने ॲक्रिलिकच्या जातीच्या काचेला ताण देत असतानाच तिच्या आतल्या रेणूंची हालचाल मोजली, तेव्हा ती हजार पटीपर्यंत वाढलेली दिसली. तापमान तेच, फक्त ओढ लावलेली. या जादूला अभ्यासक यांत्रिक कायाकल्प म्हणतात. तो शब्द कितपत खरा यावर वाद आहे, कारण ओढून तरुण झालेली काच आणि वितळवून तरुण केलेली काच सर्व बाबतींत सारखी नसते. आमच्या कामापुरता तो चालून गेला.

आता शिखर वर गेलं आणि तळ तिथेच राहिला, तर घसरण खोल होते. खोल घसरणीचा अर्थ असा: जो ठिपका पहिल्यांदा नमतो तो आजूबाजूच्या न नमलेल्या भागापेक्षा बराच कमजोर होतो, आणि पुढचं सगळं विरूपण त्याच ठिपक्यावर येऊन पडतं. एकाने गवत तुडवलं की मागचे सगळे त्याच वाटेने जातात, तसं. तरुण पॉलीकार्बोनेटमध्ये घसरण उथळ असते आणि जाळ्याची चढण लवकर सुरू होऊन विरूपण शेजारी पसरवते. म्हणून ते चिवट. पॉलीस्टायरिनची घसरण खोल आणि जाळं विरळ, म्हणून ते ठिसूळ. ॲनीलिंगने आम्ही पॉलीकार्बोनेटला पॉलीस्टायरिनच्या दिशेने काही पावलं ढकललं होतं.

गुळगुळीत पट्टीला ही काही पावलं जाणवत नाहीत. ॲनील केलेली पट्टीही ताणचाचणीत नीट लांबत होती. खाच असली की मात्र हिशोब बदलतो. टोकदार खाचेच्या पुढे नमणारा भाग चिमटीत मावेल इतका होतो, त्याच्या आत सर्व बाजूंनी ओढणारा ताण साठतो, पोकळ्या पडतात आणि तडा सुसाट सुटतो. आमच्या क्लिपेच्या मुळाची गोलाई ०.२ मिलिमीटर होती. ती खाचच होती, आराखड्यावर तिला कोपरा म्हटलं होतं इतकंच.

पडताळणी

तर्क सुंदर असला म्हणून खरा असतोच असं नाही. तीन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली डीएससी. नमुना सावकाश तापवत त्याने किती उष्णता शोषली ते मोजायचं. म्हातारी काच टीजी ओलांडताना वयाबरोबर गमावलेली ऊर्जा एकदम परत मागते आणि आलेखावर एक उंचवटा उमटतो. परत आलेल्या झाकणांत तो ठसठशीत होता, मशीनवरून उतरलेल्या मालात जेमतेम. तोच नमुना थंड करून दुसऱ्यांदा तापवला की उंचवटा गायब.

दुसरी चाचणी माझ्या मते निर्णायक. भौतिक वार्धक्य हे खरं कारण असेल तर ते उलटवता आलं पाहिजे; ऱ्हास उलटत नाही. तुटलेल्या झाकणांतून पट्ट्या कापल्या, वाळवल्या, १६५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवल्या आणि थंड केल्या. मग खाच पाडून आघात चाचणी. ज्या पट्ट्या टचकन तुटत होत्या त्या आता वाकल्या, खाचेपाशी पांढुरक्या झाल्या, पण दोन तुकडे झाले नाहीत. पुन्हा १२५ अंशांवर आठ तास ठेवल्या, पुन्हा ठिसूळ. आघातशक्ती सातव्या-आठव्या हिश्शावर.

इथे एक फसगत होता होता वाचली. आधी आम्ही पट्ट्या बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केल्या होत्या. झटपट थंड केलेल्या पॉलीकार्बोनेटच्या पृष्ठभागात दाबाचा ताण अडकतो आणि तो एकटाच चिवटपणा वाढवून दाखवतो. मग श्रेय तारुण्याला द्यायचं की त्या दाबाला? म्हणून दुसरा संच साध्या हवेत थंड केला आणि दोन्ही संचांत खाच थंड झाल्यानंतरच कापली. हवेतल्या पट्ट्याही चिवट निघाल्या, बर्फातल्यांपेक्षा किंचित कमी.

तिसरी गोष्ट चाचणीपेक्षा प्रात्यक्षिक जास्त. ॲनील केलेल्या दोन गोल कांड्या घेतल्या. एक तशीच ताणली: मध्येच गळा पडला आणि तो दोन्ही बाजूंना सरकत गेला. दुसरी आधी दोन पूर्ण फेरे पिळली, उलटी पिळून सरळ केली, मग ताणली. गळा पडलाच नाही; सगळी कांडी एकसारखी लांबत गेली. शिखर पिळण्यातच पुसलं गेलं होतं. हा प्रयोग माझा नाही, या क्षेत्रात जुना आहे. पण ज्यांना आलेखावर विश्वास बसत नव्हता त्यांना तो कांडीवर बसला.

वयाचा हिशोब

पॉलीकार्बोनेटच्या यील्डच्या वार्धक्याला सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाबरोबर वेग किती बदलतो हे ठरवणारा आकडा, साधारण २०० किलोजूल प्रति मोल धरतात. त्यावरून कुठलं तापमान कितीने घाई करतं हे ढोबळपणे काढता येतं. टीजीच्या अगदी जवळ हा हिशोब ढासळतो, पण १२५ अंशांपर्यंत चालवून घेता येतो.

१२५ अंशांवरचं वार्धक्य ९० अंशांवरच्यापेक्षा सुमारे ३४० पट वेगाने होतं. म्हणजे ओव्हनमधले आठ तास बरोबर ९० अंशांवरचे पावणेचार महिने. प्रत्येक झाकण खोक्यात भरलं जाताना पावणेचार महिन्यांचं सलग काम करून आलेलं होतं, आणि वर पाच महिने वापरात गेले तेव्हा तक्रारी आल्या.

तोच हिशोब खोलीच्या तापमानाकडे नेला तर ९० आणि २५ अंशांत १९ लाख पटींचा फरक निघतो. गोदामात पडून माल खराब झाला, ही भांडार विभागावर ढकललेली शंका तिथेच मिटली. (सततच्या ओझ्याखाली सावकाश होणाऱ्या सूक्ष्म विरूपणाचं, म्हणजे क्रीपचं, गणित वेगळं आहे. तिथे खोलीच्या तापमानालाही वयाचा ठसा दिसतो.)

पर्याय आणि एक अवघड प्रश्न

ॲनीलिंग बंद करावं, हा पर्याय सगळ्यांच्या ओठांवर होता. माझ्याही. तेवढ्यात आरेखन विभागातल्या बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, “तुमच्याच हिशोबाने ॲनील न केलेलं झाकण चार महिने चालवलं की ॲनील केलेल्याइतकं म्हातारं होतं. मग पहिल्या लॉटची झाकणं दोन वर्षं चालू आहेत, ती का तुटली नाहीत?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही पहिल्या लॉटची काही झाकणं परत मागवली. जी यंत्रं दिवसातून तासभर चालायची त्यांची झाकणं ठीक होती. जी अहोरात्र चालायची त्यांच्या क्लिपा तुटत होत्या, अगदी तशाच चकचकीत कडांनी. वापरणाऱ्यांनी आपल्याच माणसांच्या हाताला दोष दिला होता आणि सुटी झाकणं मागवून घेतली होती. सुट्या भागांच्या मागणीत हे दिसत होतं. तक्रारींच्या नोंदीत नव्हतं.

तो प्रश्न विचारला गेला नसता तर आम्ही ॲनीलिंग बंद करून, चार महिने शांतता मिळवून, प्रकरण मिटलं असं लिहून टाकलं असतं.

बाकीचे पर्याय मग वेगळ्या गांभीर्याने पाहिले गेले. जास्त लांब साखळ्यांचा दाणा वापरला तर चिवटपणा वाढतो, पण तो घट्ट वाहतो. साच्याचे पातळ कोपरे भरायला दाब वाढवायचा, की अंतर्गत ताण परत आलाच. रबराचे कण मिसळलेल्या जाती खाचेला चांगल्या पुरतात, पण पारदर्शकपणा जातो. टीजीच्या वर नेऊन तारुण्य परत देता येतं, फक्त झाकणाचा आकार जातो. दाबून किंवा पिळून कायाकल्प करणं पट्टीला जमतं, क्लिपा असलेल्या झाकणाला नाही. शिवाय ९० अंशांवर ते तारुण्य टिकणार किती?

वार्धक्याच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. म्हातारी काच क्रीपला जास्त विरोध करते, मापं धरून ठेवते, आणि सतत एकाच ओझ्याखाली असलेला भाग वय वाढल्यामुळे उलट जास्त काळ तग धरतो. खाच आणि आघात नसलेल्या भागावर ॲनीलिंग लादलं असतं तर मी कौतुकच केलं असतं.

काय केलं

सगळ्यात मोठा फायदा तापमानात होता. उष्णतेचा स्रोत आणि झाकण यांच्यात चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवला आणि वरच्या कडेला हवेची वाट मोकळी केली. आतली बाजू ७५ अंशांवर आली. पंधरा अंशांनी काय होणार, असं वाटतं. हिशोबाने वार्धक्य १७ पटींनी मंदावतं. ७५ अंशांवरची पाच वर्षं म्हणजे ९० अंशांवरचे साडेतीन महिने. किंवा जुन्या ओव्हनमधले साडेसात तास. आधीचं ॲनीलिंग किती जबर होतं हे मला या आकड्याने पहिल्यांदा नीट कळलं.

क्लिपेच्या मुळाची गोलाई ०.२ वरून १ मिलिमीटर केली. भागातला आतला कोपरा म्हणजे साच्यातला बाहेरचा. गोलाई वाढवायला पोलाद घासून काढायचं असतं, ते सोपं. क्लिपेची जाडी ३ वरून २.२ मिलिमीटरवर आणणं मात्र पोलाद भरण्याचं काम, त्याला नवा इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा सुटा तुकडा, लागला. जाडी कमी का करायची, यावर थोडी कुरबुर झाली. पॉलीकार्बोनेटला एक सीमाजाडी असते. तिच्याखाली खाचेच्या पुढचा सर्वबाजूंचा ताण साठायला पुरेशी खोली मिळत नाही आणि पदार्थ चिवट राहतो. तरुण मालात ३.२ मिलिमीटरचा नमुना चिवट आणि ६.४ चा ठिसूळ असं पुस्तकात असतं. वय वाढलं की ही सीमा खाली सरकते, आणि आमचे ३ मिलिमीटर तिच्या चुकीच्या बाजूला गेले होते.

साच्याचं तापमान ९० अंशांवर आणलं. पुसायचं द्रावण बदललं आणि यंत्रावर तशी सूचना चिकटवली.

ॲनीलिंगवर माझा आणि उत्पादन प्रमुखांचा खटका उडाला. ते पूर्ण बंद करा, असं मी म्हणत होतो. ते म्हणाले, रेघांची तक्रार मी निस्तरली आहे, तुम्ही नाही. ताण थोडा तरी काढू द्या. शेवटी ११० अंशांवर दोन तास ठरलं. हिशोब केला तर त्याने येणारं वय ९० अंशांवरच्या तीन दिवसांपेक्षाही कमी. ताण पूर्ण जात नाही, पण द्रावणात बुडवून पाहिलेल्या झाकणांत क्लिपेच्या मुळाशी रेघा आल्या नाहीत. ते बरोबर होते.

निष्पत्ती

पाडून पाहायची चाचणी आता ओव्हननंतरच्या मालावर होते. त्याशिवाय प्रत्येक लॉटमधली काही झाकणं १२५ अंशांवर २४ तास म्हातारी करून, मग क्लिपा वाकवून आणि झाकण पाडून पाहतात. नव्या आरेखनाची झाकणं ही परीक्षा देतात. क्लिप वाकते, पांढुरकी होते, तुटत नाही. जुन्या साच्यातली झाकणं तीच परीक्षा दिली की पहिल्याच फटक्यात जातात. तुलनेसाठी ती मुद्दाम ठेवली आहेत.

दीड वर्षात नव्या झाकणांची ठिसूळपणाची तक्रार आलेली नाही. सुट्या भागांची मागणीही आता तक्रारीइतकीच बारकाईने पाहिली जाते. अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांवरची जुनी झाकणं देखभालीच्या फेरीत बदलली. तुरळक चालणाऱ्यांवरची राहू दिली. साचा थंड केल्यामुळे एका कडेला जोडरेघ, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह मिळतात तिथली खूण, पुसटशी दिसते. ती तशीच स्वीकारली.

पुन्हा करायचं तर

यील्ड वाढलेलं दिसलं त्या दिवशी थांबायला हवं होतं. दाणा तोच, रंग तोच, आणि यील्ड दहा टक्क्यांनी वर? काचसदृश पॉलिमरात यील्ड हे जवळजवळ वयाचं घड्याळ आहे. ती चाचणी उत्तम होती. आम्ही तिला चुकीचा प्रश्न विचारत होतो. त्याच दिवशी ओव्हनमधली एक पट्टी खाच पाडून ठोकली असती तर अर्ध्या तासात सगळं कळलं असतं.

माझ्या बाजूची चूक म्हणजे पहिल्या भेटीत मी फक्त तुटलेली झाकणं मागितली. न तुटलेली, वेगवेगळा वेळ चाललेली झाकणं मागायला मला दुसऱ्या कुणीतरी प्रश्न विचारावा लागला. त्यात सहा आठवडे गेले.

लॉटच्या कार्डावर आता साच्याचं तापमान, ओव्हनचं तापमान आणि वेळ, हे तीन रकाने वाढले आहेत. आठ तासांचा मोठा ओव्हन उत्पादनातून काढून चाचणी विभागात नेऊन ठेवला. त्याच्या दारावर कुणीतरी हिरव्याच शाईने लिहिलं आहे: ‘एक तास = चौदा दिवस’. हिशोब तपासला. ९० अंशांसाठी बरोबर आहे. ७५ साठी कुणीतरी दुसरी ओळ लिहायला हवी.